रेषेखालची थरथर

"खाली गेली! काका, रेषेच्या खाली गेली!"

मॅडम अशा उठल्या की खुर्चीच आडवी झाली. मी टेबलाखाली पंपाचं तेल बदलत होतो. म्हणजे खरं तर तोंड लपवून हसत होतो. मोजणीच्या यंत्राचं बटण दोन खुणा मागे मीच फिरवलं होतं. बटण मागे घेतलं की थरथर आपोआप कमी दिसते. पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येणार, मग मला शिव्या, मग चहा. नेहमीचंच.

आमच्या प्रयोगशाळेत लाखभर अणू काचेच्या नळीत धरून ठेवतात. एकेकाला विचारायला गेलं तर सगळेच बिथरतात, म्हणून सगळ्यांची मिळून थरथर मोजायची. जो तो आपल्याच नादात असला, तर ती एका रेषेच्या खाली जाऊच शकत नाही. गेली, तर समजायचं की हे आतून एकमेकांत गुंतलेत. त्या रेषेपायी आमच्या मोठ्या सरांनी अकरा वर्षं घालवली. आता ते दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

मी टेबलाखालून बाहेर येईपर्यंत मॅडमनी फोन लावलासुद्धा. स्पीकरवर.

"सर, खाली गेली!"

पलीकडून सरांचा खोल गेलेला आवाज, "मिस्त्री आहे का तिथं?"

"आहे, सर," मी म्हणालो.

"बटण जागेवर आहे ना रे? तुझा काय भरवसा! माझ्या चपला बर्फात ठेवणारा तू."

मॅडम हसता हसता रडत होत्या. मी फोनजवळ सरकलो.

"जागेवर आहे, सर."

"बरं," सर म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं."

संध्याकाळी सर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना पोचवून आम्ही दोघं तसेच प्रयोगशाळेत आलो. कुलूप उघडताना मी म्हणालो, "मॅडम, ते बटण..."

"माहितीये."

"कधी कळलं?"

"सरांनी दुपारी परत फोन केला होता. म्हणाले, मिस्त्री खोटं बोलला."

"पण मी तर अगदी सरळ आवाजात..."

"त्यावरूनच. म्हणाले, वीस वर्षांत हा माणूस खिदळल्याशिवाय एक वाक्य बोललेला नाही. आज आवाज जरासुद्धा हलला नाही. माणूस एवढा स्थिर होतो, तेव्हा तो कशात तरी गुंतलेला असतो."

मी दार ढकलून दिवा लावला.

"चिडले होते?"

"नाही. पुन्हा मोजशील ना, एवढंच विचारलं."

"मग तुम्ही बटण तेव्हाच का नाही फिरवलंत?"

"सर असेपर्यंत राहू दिलं."

त्यांनी आडवी पडलेली खुर्ची उचलली, बसल्या, वही उघडली. कालच्या आकड्यावर एक रेघ मारली.

"फिरवा, काका."

मी बटण दोन खुणा पुढे आणलं. पडद्यावरची थरथर हळूहळू चढली आणि रेषेच्या वर, अकरा वर्षांच्या तिच्या जागी, जाऊन बसली.