किंकाळीनंतरचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गिटार आहे, आणि मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. विजेवर वाजणाऱ्या गिटारींचं अंग भरीव असतं. माझं अंग पोकळ आहे. माझ्या पोटावरची फळी दोन पोळ्या एकमेकींवर ठेवल्यावर जेवढी जाडी होईल तेवढीच जाड आहे, आणि सहा तारा तिला सतत ओढत असतात. असं अंग मिळाल्यावर भीती वाटणारच.

माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीतल्या छोट्या कारखान्यात झाला. हॅरल्ड नावाच्या कारागिराने मला घडवलं. तो माझी फळी तासायचा, बोटाने टकटक करून ऐकायचा आणि पुन्हा थोडी तासायचा. मला वाटायचं, हा असाच तासत राहिला तर माझं काही उरणार नाही. पण तो वेळेवर थांबला. मला विकत घ्यायला आलेल्या माणसाला तो एवढंच म्हणाला, "हिला हीटरजवळ ठेवू नका, आणि रागात असताना हातात घेऊ नका."

तो माणूस म्हणजे डॉक्टर दीनानाथ. ते मूळचे नागपूरचे. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचं काम करायचे. नव्याने आले तेव्हा त्यांना इथे फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या मॉरीन नावाच्या सिस्टर त्यांना एका रविवारी दुपारी कामगारांच्या क्लबात घेऊन गेल्या. तिथे कंट्री संगीत चालायचं. लांब रस्त्यांची, सुटलेल्या घरांची, आईच्या आठवणीची ती साधी गाणी. शब्द बोलल्यासारखे, चाल सोपी. घरापासून इतक्या लांब आलेल्या डॉक्टरांना ती फार आपली वाटली. म्हणून त्यांनी मला आणलं.

त्यांना फार वाजवता येत नव्हतं. संध्याकाळी जेवणाआधी ते कोचावर बसून मला मांडीवर घ्यायचे आणि नागपुरी उच्चारात इंग्रजी गाणी म्हणायचे. त्यांच्या पत्नी सुमनताई पुण्याच्या. त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, तो गाण्यातला माणूस घोड्यावरून जातोय की टांग्यातून?" डॉक्टर हसायचे. त्यांची मुलगी देवयानी माझ्यासमोर गालिच्यावर पालथी पडून ऐकत असायची. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात निर्धास्त काळ होता.

पुढे डॉक्टरांची बोटं संधिवाताने आखडली. त्यांनी मला दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलं, नेमकं खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वर. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. हिवाळ्यात खालून गरम, कोरडी हवा यायची आणि माझं लाकूड आकसायचं. एके दिवशी माझ्या पोटावर केसाएवढी चीर पडली. कोणालाही ती दिसली नाही. मी मात्र रोज तिच्याकडे लक्ष ठेवून असायचे. ती वाढली तर काय, एवढाच विचार माझ्या मनात असायचा.

तोवर देवयानी मोठी झाली होती. तिने लाल रंगाची विजेची गिटार घेतली आणि ड्रम वाजवणाऱ्या यतीनबरोबर 'उल्का' नावाचा रॉक बँड काढला. गॅरेजमधला त्यांचा सराव मला भिंतीतून ऐकू यायचा. देवयानीचा आवाज जाड आणि धारदार होता. 'राख' नावाच्या त्यांच्या गाण्याच्या शेवटी ती एक लांब किंकाळी फोडायची. ती ऐकून खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि माझ्या ताराही आपोआप वाजायच्या. लोकांना ती किंकाळी भयंकर आवडली. 'उल्का'चं नाव झालं. मासिकांत देवयानीचे फोटो येऊ लागले.

एका हळुवार गाण्यासाठी साध्या गिटारीचा आवाज हवा होता, म्हणून ती मला भिंतीवरून काढून बँडच्या व्हॅनमध्ये घेऊन गेली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तो टिकला नाही. बर्मिंगहॅमच्या एका कार्यक्रमात मी स्टेजच्या कडेला उभी होते. 'राख' संपलं, किंकाळी संपली, आणि देवयानीने ती लाल गिटार मानेला धरून डोक्यावर उचलली व जमिनीवर आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. मान तुटली, तारा लोंबू लागल्या. हजारो माणसं आनंदाने ओरडत होती. मी तर लाकूड, मला पळता येत नाही. मी नुसती बघत राहिले. त्या दिवसापासून देवयानीचा हात माझ्याकडे आला की माझ्या पोटातली ती चीर गार पडायची.

नंतर ग्लासगोचा कार्यक्रम आला. हॉल गच्च भरला होता. 'राख'च्या शेवटी देवयानीने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. आवाजाऐवजी नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. लोकांना वाटलं माइक बंद पडला. यतीन ड्रम सोडून धावत आला तेव्हा तिने त्याचा दंड घट्ट पकडला, आणि तिचे ओठ नुसते हलत होते.

लीड्सच्या हॉस्पिटलात तिच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. आवाजावर उपचार करणारी थेरपिस्ट ऋजुता तिला बघायला घरी आली, तेव्हा मी देवयानीच्या कुशीत होते. बोलायला पूर्ण बंदी होती, म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर ती माझ्या पोटावर एकदा टकटक करायची, 'नाही' असेल तर दोनदा.

"हे बघ, सर्जरी चांगली झालीये," ऋजुता म्हणाली. "नीट काळजी घेतलीस तर तू बोलशील, गाशीलही. पण पुन्हा तशी किंचाळलीस, तर पुढच्या वेळी दुरुस्त करायला काही उरणार नाही. आय ॲम नॉट ट्राइंग टु स्केअर यू, पण तुला खरं कळायला हवं. समजतंय ना?"

 माझ्या पोटावर एकदा टकटक झाली, अगदी हलकी.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. घरात सगळे हळू बोलायचे. सुमनताई "सूप देऊ का?" विचारायच्या आणि माझ्या पोटावर दोनदा टकटक व्हायची. दिवस जात होते तशी ती टकटक जोरात होऊ लागली. चीर बोटभर लांब झाली. मला माझी भीती वाटत होती आणि तिचीही वाटत होती, कारण ती आता खिडकीशी बसून तासन्‌तास स्वतःचा गळा चाचपत राहायची.

एका दुपारी फोनवर कोणीतरी तिला 'उल्का'ची रेकॉर्ड कंपनी नवीन गायिका शोधत असल्याची बातमी पाठवली. तिने ती वाचली. फोन खाली ठेवला. मग उठून मला मानेला धरलं आणि डोक्यावर उचललं.

मित्रांनो, मी वरून सगळी खोली पाहिली. टेबलाची कड पाहिली. मला वाटलं, संपलं.

दारात डॉक्टर दीनानाथ उभे होते. ते आत धावले नाहीत. तिथूनच शांतपणे म्हणाले, "आपटून राहिली का? आपट. पण आधी एक श्वास घे. मोठा नको, लहानच घे."

देवयानीने मला खाली घेतलं नाही, पण आपटलंही नाही. 

"ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला प्रत्येक पेशंट मला विचारायचा, डॉक्टर, मी उठीन ना?" ते म्हणाले. "मोठमोठे लोक घाबरायचे. मोठा श्वास घ्यायला गेले की अजून घाबरायचे. मी म्हणायचो, लहान घ्या. जमेल तेवढाच घ्या. घे बघू."

तिने लहान श्वास घेतला. मग अजून एक. मग ती मला पोटाशी धरून खाली बसली आणि बंदी मोडून कुजबुजली, "बाबा, मला खूप भीती वाटतो."

सुमनताई मागे येऊन उभ्या होत्या. देवयानी लीड्सला जन्मलेली, तिच्या बोलण्यात अशी चूक नेहमी व्हायची आणि सुमनताई हटकून सुधारायच्या. त्या दिवशी त्यांनी सुधारलं नाही. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही वाटते गं, राणी."

बोलायची परवानगी मिळाल्यावर ऋजुता तिला रोज थोडं थोडं गुणगुणायला लावू लागली. आवाज परत आला, पण तो वेगळा होता. खालचा, थोडा खरखरीत, जवळ बसून बोलल्यासारखा. वर चढायला गेला की विरायचा. एका संध्याकाळी डॉक्टरांनी सहज आपलं जुनं गाणं म्हणायला घेतलं, आणि देवयानीने मला उचलून त्यांना साथ दिली. त्या सोप्या चालीला तिचा नवा आवाज पुरला. कुठेही ताणावं लागलं नाही. 

मग ती स्वतः गाणी लिहू लागली. नागपूरहून आलेला आणि पहिल्या हिवाळ्यात पातळ कोट घालून फिरणारा डॉक्टर. व्हिसाची वाट बघत पुण्यात थांबलेली बायको. पावसात मोटरवेवरून जाणारी लॉरी. माझी चीर तिच्या नजरेला पडली, म्हणून ती गाणी कोणाला ऐकवण्याआधी तिने मला हॅरल्डकडे नेलं. तो आता खूप म्हातारा झाला होता. त्याने आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवून माझी चीर बंद केली. सरस वाळेपर्यंत मी शिकंज्यात आवळलेली होते. फार दुखलं, पण चीर थांबली.

नवी गायिका न मिळाल्याने 'उल्का' तोवर बंद पडली होती. तिने यतीनला गाणी ऐकवली. "देव, गाणी ब्रिलियंट आहेत," तो शेवटी म्हणाला. "पण ऑनेस्टली, मला काळजी वाटते. कंट्रीवाले तुला घरात घेणार नाहीत. आणि आपले फॅन्स म्हणतील, तू आम्हाला फसवलंस. दोन्हीकडून जाशील."

"मला पण तेच वाटतं," देवयानी म्हणाली. "तू ड्रम वाजवशील का? हळू?"

"किती हळू?"

"बाबांचा झोप मोडणार नाही एवढा."

यतीन हसला, आणि आला.

पहिला कार्यक्रम यॉर्कशरमधल्याच एका क्लबात, रविवारी दुपारी होता. समोर रुंद काठाच्या हॅट घातलेली वयस्कर माणसं चहा आणि बिअर घेऊन बसली होती. मागच्या रांगेत 'उल्का'चे काळे टी-शर्ट घातलेले काही चाहते हात बांधून उभे होते. क्लबाचा सेक्रेटरी देवयानीच्या कानाशी इंग्रजीत म्हणाला, "तुमचं नाव मी ऐकलंय. इथे आरडाओरडा चालत नाही हं." तिच्या तळव्यांना इतका घाम आला होता की माझ्या मानेवरून बोटं घसरत होती.

दुसऱ्या कडव्यात जे होऊ नये ते झालं. आवाज मधेच तुटला आणि नुसती हवा आली. मागून हेटाळणीची एक शीळ ऐकू आली. मला ग्लासगो आठवलं. आता ती जोर लावणार आणि सगळं कायमचं जाणार, असं मला वाटलं. तिची छाती माझ्या पाठीला टेकलेली होती, म्हणून पुढचं फक्त मलाच कळलं. तिने लहानसा श्वास घेतला. मग ती तुटलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून, बोलल्यासारखी म्हणाली. आवाज आला.

 गाणं संपल्यावर पुढच्या टेबलावरच्या एका आजींनी डोळे पुसले आणि टाळ्या सुरू केल्या. मग सगळेच वाजवू लागले, मागचे काळे टी-शर्टवालेही.

त्यानंतरचं सगळं फार वेगाने झालं. तिचा कंट्री गाण्यांचा अल्बम आला. आधी स्थानिक रेडिओवर, मग देशभर वाजला. लोकप्रिय कंट्री अल्बमांच्या यादीत तो सगळ्यात वर गेला. ज्या मासिकांनी 'उल्का संपली' असं छापलं होतं, त्यांनीच आता देवयानी या संगीतासाठी जन्मली आहे असं छापलं. लोक माझंही कौतुक करू लागले. पण मित्रांनो, खरं सांगते, यशाने भीती गेली नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी देवयानी आरशासमोर उभी राहून हळूच 'अ' म्हणून बघते, आणि तो 'अ' येईपर्यंत मीही जीव मुठीत धरून असते.

गेल्या महिन्यात लंडनच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. डॉक्टर आणि सुमनताई पहिल्या रांगेत होते. शेवटचं गाणं झालं आणि कोणीतरी ओरडलं, "राख!" मग दुसऱ्याने, मग अख्ख्या हॉलने. पाय आपटत ते तेवढंच मागत होते. मी खाली पाहिलं. डॉक्टर खुर्चीच्या कडेला आले होते.

देवयानी माइकजवळ गेली. "गाणं म्हणते," ती इंग्रजीत म्हणाली. "पण त्याच्या शेवटी जे होतं, ते आता माझ्याकडे नाही."

तिने 'राख' सावकाश, खालच्या आवाजात म्हटलं. किंकाळीची जागा आली तेव्हा तिने तारांवरचा हात उचलला आणि ती जागा तशीच रिकामी सोडली. हजारो माणसांच्या हॉलमध्ये एक खोकलाही ऐकू आला नाही. मग पुन्हा मागणी झाली, आणखी एक, आणखी एक. देवयानीने मान हलवली, हात जोडले आणि मला घेऊन आत गेली. बाहेर लोक बराच वेळ हाका मारत होते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरी आमच्यातली कोणी असेल, तर तिला रेडिएटरपासून लांब ठेवा. आणि जे तुमच्यासाठी गातात, शिकवतात, दिवसभर बोलतात, त्यांनी 'आता पुरे' म्हटलं की त्यांना जाऊ द्या. लाकडाची चीर चिकटवता येते. त्यांच्या गळ्याचं तसं नसतं.