गाळलेल्या चार ओळी

निवृत्त मराठी शिक्षकाला रिकामं ठेवू नये. तो एक तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचं शुद्धलेखन सुधारतो, नाहीतर पुस्तक लिहायला बसतो. सुखदेव दुशिंग सरांनी पहिलं काम दोन वर्षं इमानेइतबारे केलं होतं. वारज्याच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना लांबून पाहिलं तरी वाट बदलत. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर रविराजांनी सरांच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं, हे सेक्रेटरींना कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

पुस्तक म्हणजे संत आवेलीन यांचं आत्मकथन. आवेलीन ही युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ गावच्या कॉन्व्हेंटमधली तरुण सिस्टर. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, आणि जाण्याआधी मदरच्या आज्ञेवरून तिने आपल्या अंतःकरणाची सगळी कहाणी तीन वह्यांत लिहून ठेवली.

"दृढीकरणाच्या वर्गातली मुलं हे वाचणार नाहीत, सर," फादर म्हणाले. "चारशे पानं आहेत, आणि त्यातली निम्मी पानं ती स्वतःशीच भांडते. तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या मुलांना झेपेल असं करून द्या. चौसष्ट पानं. राखेच्या बुधवारी मुलांच्या हातात पडलं पाहिजे."

सरांनी मान डोलवली. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवलेल्या माणसाला स्वतःचं नाव मुखपृष्ठावर दिसायला लागलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. त्या रात्रीच त्यांनी नवी वही उघडली.

त्यांना पहिला वाचक घरातच मिळाला. नात कल्याणी आठवीत होती आणि दृढीकरण या संस्काराच्या तयारीच्या त्याच वर्गात जात होती. सर संध्याकाळी लिहिलेलं तिला वाचून दाखवत. ती पलंगावर मांडी घालून, तोंडात वेणीचं टोक धरून ऐकायची. "आजोबा, हे फार बोअर आहे," असं ती म्हणाली की तो परिच्छेद गेलाच. "मग पुढे काय झालं?" असं म्हणाली की सर दुसऱ्या दिवशी शाळकरी पोरासारखे उत्साहाने बसत. खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत म्हातारा जितका सुखी होता तितका बायको गेल्यापासून कधीच नव्हता.

सरांनी स्वतःच्या डोक्याने एक भर घातली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक चौकट, 'या आठवड्याचं अर्पण'. आपण एखादी गोष्ट सोसायची आणि ती येशूला अर्पण करायची, ही कॅथलिक घरांतली जुनीच सवय. आवडता पदार्थ सोडायचा, भांडण आधी आपण मिटवायचं, असं काहीबाही सरांनी एकेका चौकटीत दिलं. फादरांना ती कल्पना फारच आवडली.

आठवं प्रकरण सगळ्यांत सुरेख उतरलं. आवेलीनला ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच रात्री खोकल्यातून रक्त पडलं. तिने रुमाल धुतला, गादीखाली लपवला आणि चाळीस दिवस कोणाला कळू दिलं नाही. सरांनी शेवटचं वाक्य लिहिलं, "सगळं कॉन्व्हेंट झोपलं होतं, जागा होता फक्त येशू, आणि त्याला ठाऊक होतं." कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली चौकट होती, "एखादं दुखणं कोणालाही न सांगता सोसा. गुप्त राहिलं तरच ते अर्पण." सरांच्या मनात खरचटलेला गुडघा होता, फार तर बोचरा बूट. तसं त्यांनी लिहिलं मात्र नाही.

तिसऱ्या वहीत, मरणाच्या दोन आठवडे आधी, आवेलीनने त्या रुमालाबद्दल पुन्हा लिहिलं होतं. सरांनी त्याचंही भाषांतर केलं. चारच ओळी होत्या.

"रुमाल लपवला तेव्हा ते प्रेम आहे असं मला वाटलं. तो गर्व होता. माझी सेवा करण्याचा कॉन्व्हेंटमधल्या माझ्या बहिणींचा हक्क मी चोरला. माझ्यामागून येणाऱ्या मुलींना असं करू देऊ नका."

जानेवारीच्या अखेरीस प्रेसमधून फोन आला. "सर, तुमचं पुस्तक पासष्टाव्या पानावर सांडलंय. चारच ओळी आहेत. सोळा-सोळा पानांचे चार फर्मे बसवलेत, आता चार ओळींसाठी पाचवा लावू का? काहीतरी उडवा."

सरांनी लाल पेन घेतलं. शेवटची प्रार्थना काढता येईना. मृत्यूचा प्रसंग तर नाहीच. मग नजर त्या ओळींवर गेली. संत बाई स्वतःलाच गर्विष्ठ म्हणते, मुलं उगाच गोंधळतील. शिवाय आठव्या प्रकरणाचा इतका छान जमलेला शेवट त्यामुळे फिका पडत होता, आणि लेखकाला हे कारण पुरेसं होतं, बाकीची फक्त सांगायची. अर्ध्या मिनिटात त्यांनी चार ओळींवर रेघ मारली. त्या ओळी होत्या ते शेवटचं प्रकरण कल्याणीला वाचून दाखवायचं घाईत राहूनच गेलं होतं.

बिशपांनी नेमलेल्या धर्मगुरूंनी चौसष्ट पानं बारकाईने वाचली आणि श्रद्धेच्या विरुद्ध काहीही नाही असं लिहून छपाईला परवानगी दिली. छापलेल्या पानांत खरोखरच श्रद्धेच्या विरुद्ध काही नव्हतं.

राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तीस मुलं तीस पुस्तकं घरी घेऊन गेली.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला. बुधवारी दुपारी सर शब्दकोडं सोडवत होते. कल्याणी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच दारात उभी राहिली.

"आजोबा, दुखतंय हे एकाच माणसाला सांगितलं तर अर्पण मोडतं का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आवेलीनने किती जणांना सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

ती हसली आणि आत गेली. सरांचा ऊर भरून आला. असा वाचक लाखात एक, असं त्यांनी फादरांना फोन करून सांगितलंसुद्धा. कुठे दुखतंय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. "उपवास आहे, मम्मी," ती म्हणाली. पवित्र आठवड्यात कॅथलिक घरातल्या पोरीने उपवास केला तर कोण टोकणार? तिची आई तनुजा एका पतपेढीत नोकरी करून, घर सांभाळून थकलेली असायची. पोर शहाणी झाली असं तिला वाटलं. गुरुवारी कल्याणीने नुसता चहा घेतला आणि तो उलटला, पण नळ सोडून, आवाज न करता. शुक्रवारी दुपारी चर्चच्या आवारात क्रूसाची वाट झाली. चौदा थांबे, प्रत्येक थांब्यावर गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे चालायचं. सर मागच्या रांगेत होते. नवव्या थांब्यापासून कल्याणी वाकून चालायला लागली. उजवा हात पोटावर होता आणि गालांवर पाणी ओघळत होतं. प्रभूचं दुःख पोरीच्या काळजाला भिडलंय, असं सरांना वाटलं, आणि त्यांनी देवाचे आभार मानले.

शनिवारी सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. ती अंथरुणात पडून हसत होती. संध्याकाळी अंग तापलं होतं आणि पोट फळीसारखं कडक झालं होतं. तिचा बाप, सरांचा मुलगा योगेश, तिला उचलून रिक्षात घेऊन धावला.

"अपेंडिक्स सकाळीच फुटलंय," डॉक्टर म्हणाले. "अहो, मोठी माणसं या दुखण्याने भिंतीवर डोकं आपटतात. ही पोर तीन दिवस गप्प कशी राहिली?"

त्याचं उत्तर कल्याणीनेच रविवारी अतिदक्षता विभागात आईला दिलं. ओठ सुकले होते, पण आवाजात परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता. "मम्मी, मी कोणालाच सांगितलं नाही."

मंगळवारी पहाटे ती गेली.

अंत्यविधीला चर्च भरून वाहत होतं. फादर रविराज मनाने चांगला माणूस. आपल्या धर्मग्रामाला देवाने एक छोटी आवेलीन दिली, असं ते म्हणाले. वर्गातली मुलं रांगेने पेटीला हात लावून गेली. त्यानंतर बायका घरी येऊ लागल्या. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. "कल्याणीला आमच्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगा हं," असं म्हणून त्या तनुजाचे हात धरत. आणि खरं तर तनुजा तेवढ्यावरच उभी होती. अन्न जात नव्हतं, कामावर मन लागत नव्हतं, पण कोणी कल्याणीला संत म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा.

मे महिन्यात फादर घरी आले. पुस्तक संपलं होतं. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, सगळीकडून मागणी होती. दोन हजार प्रतींची दुसरी आवृत्ती काढायची ठरली होती.

"शेवटी कल्याणीचा फोटो घालू, सर, आणि तुम्ही तिच्यावर एक पान लिहा. 'कल्याणीचं अर्पण'. मुलांना आपल्यातलंच उदाहरण मिळेल."

"लिहा ना, बाबा," तनुजा म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिने सरांकडे काही मागितलं होतं. सर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

चार दिवस त्यांनी कोऱ्या कागदापुढे काढले. लाल रेघेचा कागद कपाटातल्या फाइलमध्ये होता आणि तो तिथे आहे हे ते जेवताना, झोपताना, प्रार्थनेला बसताना विसरू शकत नव्हते. गप्प राहिलं तर तनुजाचा आधार शाबूत राहत होता आणि त्यांचं नावही. पाचव्या दिवशी शेजारच्या इमारतीतली दीपमाला आली. तिची मुलगी अक्षता कल्याणीच्याच वर्गातली.

"आमची बाई पण कमी नाही हं, सर. स्कूटरच्या सायलेन्सरला पाय भाजला, आणि आठ दिवस मोजे घालून हिंडली! पू झाला तेव्हा कळलं. म्हणे, कल्याणीसारखं अर्पण केलं." ती हसत होती. तिला पोरीचं कौतुकच वाटत होतं.

सरांनी मनात हिशेब केला. दोन हजार प्रती, म्हणजे दोन हजार घरं.

दीपमाला गेल्यावर ते उठले. तनुजा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. त्यांनी फाइलमधला कागद तिच्यापुढे ठेवला, शेजारी मूळ पुस्तक उघडून ठेवलं. तिने रेघेखालच्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"हे का काढलं?"

"पानात बसत नव्हतं."

सरांना वाटलं, इथेच थांबावं, एवढंही पुष्कळ झालं. पण थांबणं म्हणजे पुन्हा रेघ मारणंच होतं.

"अजून आहे," ते म्हणाले. "बुधवारी तिने मला विचारलं होतं. एकाच माणसाला सांगितलं तर चालेल का, म्हणून. मी नाही चालणार असं सांगितलं. तेव्हा तिला वाचवता आलं असतं."

"कुठे दुखतंय, विचारलं नाहीत?"

"नाही."

तनुजाने मेथीची जुडी बाजूला सारली. ती ओरडेल, निदान रडेल, अशी सरांची अपेक्षा होती. त्यांना ते हवंच होतं. ती फार हळू बोलली.

"ती संत झाली, एवढंच माझ्याकडे उरलं होतं, बाबा. तेही नेलंत."

मग तिने ओढणीने हात पुसले.

"पेन आणा. मी सांगते ते लिहा. तुमचे शब्द घालू नका."

सरांनी पेन आणलं आणि चाळीस वर्षं मुलांना निबंध सांगणारा तो माणूस ओट्याशी उभा राहून उतरवून घेऊ लागला.

"कल्याणीला पोटात दुखत होतं. तिने सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आम्ही तिला दवाखान्यात नेलं असतं आणि ती आज नववीत गेली असती. येशूला काही हे नको होतं. तुम्हाला दुखलं तर मम्मीला सांगा. मम्मी कामात असली तरी सांगा. ती रागावणार नाही."

इथे तिचा आवाज फुटला.

"आता त्या चार ओळी. आणि त्या कोणी काढल्या, ते. पूर्ण नाव लिहा."

सरांनी लिहिलं. तिने कागद घेतला, वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चपला घालून स्वतःच फादरांकडे गेली. परत आल्यावर राहिलेली मेथी निवडली, भाजी केली, आठ वाजता सरांचं ताट वाढलं. भाकरी गरम होती, लोणचंही होतं. दररोज ती "बाबा, चला जेवायला" अशी हाक मारायची. त्या दिवशी तिने ताट टेबलावर ठेवून नुसतं त्यांच्या खोलीचं दार वाजवलं, आणि त्यानंतर सर त्या घरात नऊ वर्षं जगले तरी तिने त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही.