आजोबांच्या कानातली बाई

आयुष्यभर क्रेन चालवून निवृत्त झालेले आजोबा कान तपासायच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, “आत एक बाई बुटांविषयी बोलत होती.”

ताईंनी मान वर केली. चौदा वर्षं त्या या दवाखान्यात लोकांचे कान तपासत होत्या. रीत ठरलेली. माणूस आवाजबंद खोलीत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडे ताई, त्यांचा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली आवाज सोडायची पेटी. बारीक ‘टूं’ ऐकू आलं की आतल्याने बटण दाबायचं. त्यात बाई नसते, आणि बूट तर नसतातच.

“कसली बाई, बाबा?” सोबत आलेल्या मुलीने विचारलं.

“हलके बूट, पायाला जणू पिसं लावलीत, असं म्हणाली. मग गाणं लागलं. मी आपला बटण दाबत राहिलो. म्हटलं, हीच परीक्षा असेल.”

मुलगी ताईंच्या जवळ सरकली. “मागच्या आठवड्यात यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता,” ती हळू आवाजात म्हणाली. “डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू का?”

ताईंसमोरचा आलेख वेडावाकडा आला होता. अशा आलेखाखाली लिहायचं वाक्य त्यांना पाठ होतं: उत्तरे विश्वासार्ह नाहीत, स्मरणशक्तीची तपासणी करावी. पेन कागदाला टेकलंही. पण आजोबा मान खाली घालून शर्टाची बाही सारखी करत बसले होते, आणि ताईंना वाटलं, भ्रम झालेला माणूस ‘पिसं’ इतक्या नेमकेपणाने सांगेल का? एवढ्यावरून त्याच्या डोक्यावर शिक्का मारायचा?

“हा आलेख मी धरत नाही,” त्या म्हणाल्या. “आठवड्याने परत या. तोवर दुसरीकडे कुठे नेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी इमारतीतले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा तंत्रज्ञ आला. त्याने व्हायरसची तपासणी लावली. सगळं स्वच्छ निघालं. ताईंनी चालू प्रोग्रामांच्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. “हे काय आहे? मी कधी पाहिलं नाही.”

त्याने फाईलची माहिती उघडली. “काळजी नको. डिजिटल सही आहे. कंपनीचं नाव आहे, प्रमाणपत्र आहे, मुदतही शिल्लक आहे. सही आहे म्हणजे सगळं सहीसलामत.”

“सहीवरून नेमकं काय कळतं?”

“फाईल कुणी बनवली ते. आणि नंतर कुणी तिच्यात ढवळाढवळ केली नाही ते.”

“आणि ती इथे बसून काय करते, ते?”

“ते सहीत नसतं.”

“मग सलामत कसं?”

“ताई, त्या आजोबांचं वय काय?”

“अठ्ठ्याहत्तर. पण बूट काही वय बघून बोलत नाहीत.”

तो हसून गेला. ताई मात्र हटल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत दार लावून त्या स्वतः आतल्या खोलीत बसल्या, हेडफोन चढवून. दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन माउस हलवायच्या, पडद्यावर काही दिसतं का बघायच्या, परत आत. सुट्टी संपली. स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आज मध्ये उठायचं नाही. डबा बंद ठेवला, घड्याळ काढून मांडीवर घेतलं. अकरावं मिनिट लागलं आणि कानात एक गोड आवाज म्हणाला, “चालताय की तरंगताय?” मागोमाग तेच पिसांचं कौतुक, मग गाणं.

हेडफोन टेबलावर तसाच ठेवून ताई बाहेर गेल्या आणि माउसला हात लावला. परत येऊन हेडफोन कानाला लावला तर आत शुकशुकाट.

आता उलगडलं. माउस बराच वेळ स्वस्थ राहिला की ही जाहिरात लपून वाजायची, हात लागला की गप्प. चटपटीत उत्तरं देणाऱ्यांच्या वेळी ताईंचा हात नोंदी करायला सारखा माउसवर असायचा. आजोबा प्रत्येक आवाजाला विचार करत होते, आणि ताई पेटीच्या बटणांवर बोटं ठेवून थांबल्या होत्या. आवाज थेट हेडफोनमध्ये जाई, म्हणून बाहेर कुणाला पत्ता नाही. कॉम्प्युटरवाला तर आला की आधी माउसच धरायचा.

त्याला परत बोलावलं. “काही करू नका,” ताई म्हणाल्या. “फक्त आत बसा.”

पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला. चेहरा उतरलेला. “बूट,” एवढंच म्हणाला.

मग दोघं कामाला लागले. ताईंनी सुचवलं, नावावरून नको, सहीवरून शोधू. त्याने कॉम्प्युटरमधल्या फाईली सही करणाऱ्याप्रमाणे लावल्या. अंगाच्या साबणाला शोभेल असं त्या कंपनीचं नाव, आणि त्या एका नावाखाली चार फाईली. एक स्वतःला प्रिंटरची मदतनीस म्हणवत होती, दुसरी घड्याळ जुळवणारी, तिसरीचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. तिघीही एकाच दिवशी, एकाच मिनिटाला आत आलेल्या. चौथी फाईल मात्र ताईंनी लगेच ओळखली. अहवालांची पानं एकत्र जोडायचा तो फुकट प्रोग्राम. अडीच महिन्यांपूर्वी घाईत त्यांनीच उतरवला होता. ‘पुढे, पुढे, मान्य’ करत, एक ओळही न वाचता.

“हा मी घातलाय,” त्या म्हणाल्या.

“हे कुणाला कळायची गरज नाही,” तो म्हणाला, आणि त्यात चांगुलपणाच होता. “तांत्रिक बिघाड म्हणून टाकू.”

“त्या माणसाला मी जवळजवळ वेडा ठरवलं होतं. माझ्या चुकीला दुसरं नाव नको.”

चारही फाईली काढल्या. त्याआधी त्यांच्या प्रती, आवाजाचं ध्वनिमुद्रण आणि तारखांची यादी, असं सगळं बाड अँटिव्हायरस बनवणाऱ्यांना आणि डिजिटल सहीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पाठवलं. संस्थेने पहिल्यांदा दोन ओळींत टोलवलं. ताईंनी पुन्हा पाठवलं, मग पुन्हा. तिसऱ्या पत्राला माणसाचं उत्तर आलं. प्रमाणपत्र रद्द झालं.

पण ते नंतर. आठवडा भरला तेव्हा आजोबा आणि मुलगी आले. ताईंनी आधी तपासलं, मग दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, प्रोग्राम कुणी उतरवला तेही. आलेख आता नीट आला होता. डावा कान बराच गेलेला, उजवा ठीक. इतक्या वर्षांच्या इंजिनाच्या घरघरीचा हिशेब. यंत्र लावलं की भागण्यासारखं.

“म्हणजे बाई होती,” आजोबा म्हणाले.

“होती.”

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, “आठवडाभर मी घरात तोंड उघडलं नाही. दाराची घंटा वाजली तरी आधी हिच्याकडे बघायचो. ही उठली तर खरी वाजली.”

मुलीने त्यांचा हात धरला. ताईंकडे बघताना तिच्या नजरेत राग होता, आणि तो ताईंनी मुकाट्याने घेतला.

ते गेल्यावर ताईंनी नोंदवही काढली. त्या अडीच महिन्यांत चारशेवर लोक तपासले होते. त्यातल्या सदतीस जणांच्या आलेखाखाली ‘विश्वासार्ह नाही’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. यादी समोर ठेवून त्यांनी पहिला नंबर फिरवला.

“मी कानाच्या दवाखान्यातून बोलतेय.”

“कोण?”

“कानाच्या दवाखान्यातून.”

“ऐकू येत नाही हो,” पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला.

ताई खुर्चीतून उठल्या, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत सांगू लागल्या.