कोऱ्या मुखपृष्ठाचे बारसे

किगालीहून बसने आलेल्या गठ्ठ्याची सुतळी स्पेसिओजबाईंनी सोडली, वरची प्रत उलटसुलट करून पाहिली आणि लेखिकेला आत बोलावून घेतले.

रवांडातल्या हुये गावच्या चर्चमागील खोलीत त्या वर्षभर तरुण मुलींना आपले पुस्तक आपणच कसे काढावे, हे शिकवीत होत्या. समास किती सोडावा, मुद्रिते कशी तपासावीत, कागदाच्या दर्जावरून छापखानेवाल्याशी कसे भांडावे, यांतले काहीही सांगायचे त्यांनी ठेवले नव्हते. वर्गातून निघालेले हे पहिलेच पुस्तक. मुखपृष्ठाच्या तळाशी लेखिकेचे नाव ठसठशीत छापले होते: व्हेस्टिन उविनेझा. वर मात्र, जिथे पुस्तकाचे नाव असायचे, तिथे नुसता पिवळा रंग होता.

"व्हेस्टिन, पुस्तकाचं नाव कुठंय?"

"अजून ठेवलं नाही, बाई."

"छापखानेवाल्यानं विचारलं नाही?"

"विचारलं की. मी म्हटलं, जन्माला यायच्या आधी कुणी नाव ठेवतं का? आठव्या दिवशी ठेवू. तो म्हणाला, तेही खरंच."

बाईंच्या स्वतःच्या मुलांची नावेही रिवाजाप्रमाणे आठव्या दिवशीच ठेवली गेली होती. परंतु दुपारी गावातला पुस्तकविक्रेता कालिक्स्त येणार होता. मुलींची पुस्तके दुकानात मांडायला तो मोठ्या मिनतवारीने तयार झाला होता. बिननावाचे पुस्तक पाहून तो आल्या पावली परतला असता, आणि त्या पुस्तकात तर व्हेस्टिनचे वडील होते.

चौऱ्याण्णव सालच्या संहारात तिचे आईवडील मारले गेले, तेव्हा ती अंगावर पीत होती. लिबेराता आत्याने तिला वाढवले. त्या वर्षाविषयी आत्या कधी बोलली नाही. ती बोलली ते त्यांच्या गावच्या टेकडीवरच्या माणसांच्या गमतींविषयी, केळ्यांच्या दारूच्या डोणीत सपशेल पडलेल्या आपल्या भावाविषयी, म्हणजे व्हेस्टिनच्या वडिलांविषयी. व्हेस्टिनने तेच लिहिले होते. पुस्तक लोकांच्या हाती गेले नसते, तर ती माणसे स्मारकावरच्या नावांपुरतीच उरली असती.

"आठवा दिवस कधी येतो?" बाईंनी विचारले.

"छापून झालं त्याला? आजच."

"मग बघत काय उभी राहिलीस? बारशाचा घेवडा शिजत टाक. शेजारची पोरं गोळा कर. आणि आत्याला घेऊन ये."

दुपारी अंगणात चटई अंथरली गेली. मधोमध फडक्यात गुंडाळलेली प्रत ठेवली. रिवाजाप्रमाणे आधी मुलांना वाढले, आणि जेवता जेवता एकेकाने नाव सुचवले.

"गाय," एक मुलगा म्हणाला.

"घेवडा," दुसरा म्हणाला.

"तोंडात आहे तेच सांगतोय मेला," वर्गातली जोझियान म्हणाली. "मी सांगते. बापाची आंघोळ."

आत्याने पदराआड हसू दाबले. तेवढ्यात कालिक्स्त दारात उभा राहिला.

"मला पुस्तक बघायला बोलावलं होतं ना?"

"तेच चाललंय, दादा," बाई म्हणाल्या. "बसा. जेवलात तर नाव मात्र सुचवावं लागेल."

कालिक्स्त जेवला. घसा साफ करून म्हणाला, "आपल्या टेकडीवरील विनोदी प्रसंगांचा संग्रह."

मुलांचे घास हातातच थांबले. मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिले. तिने फडके सारून पिवळ्या रंगावरून हात फिरवला.

"आम्ही फार हसायचो," ती म्हणाली.

त्यानंतर कोणी काही सुचवले नाही. सुचवलेल्या नावांतून एक निवडण्याचा मान बापाचा. तो नसल्यामुळे व्हेस्टिनने जाड पेन उघडले आणि आत्याचे शब्द पहिल्या प्रतीवर लिहिले. उरलेल्या प्रती मुलींनी नाव लिहायला वाटून घेतल्या.

कालिक्स्तने दोन-चार प्रती शेजारी शेजारी धरल्या. "प्रत्येकीवर अक्षर निराळं. असली पुस्तकं मी दुकानात मांडू कशी?"

"बारशाला जेवलात ना, बाबा?" आत्या म्हणाली. "मग मूल तुमचंही झालं. आता नाकडोळे काय बघता?"

कालिक्स्तने हात पुसून गठ्ठा काखेत मारला. फाटकाशी थांबून म्हणाला, "माझं नाव जास्त अचूक होतं, एवढं मात्र सांगतो."

"होतंच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पोरांनी जेवण थांबवलं."

तो गेल्यावर जोझियान जवळ आली. "बाई, माझ्या पुस्तकाचं नाव आधी छापू की नंतर ठेवू?"

मुलींना आता नियम सांगावा, म्हणून बाईंनी खडू उचलला. क्षणभर विचार करून तो खाली ठेवला.

"वरची जागा कोरी सोड," त्या म्हणाल्या. "आणि बारशासाठी घेवडा जरा जास्त भिजत घाल."