लोहपंख हाक मारत नाही

लोहपंखाला ढगांच्याही वर उडवणारी मावशी स्वतः स्टुलावर चढून दिवा बदलायलासुद्धा घाबरायची. घरातले दिवे तिची मोठी बहीण बदलायची. ताई दवाखान्यात नर्स होती आणि तिचा नवरा वर्षातला बराच काळ बोटीवर असायचा, त्यामुळे घर तिघींचंच होतं : ताई, मावशी आणि ताईची सात वर्षांची ठकी. मावशी घरीच बसून एका मुलांच्या मासिकासाठी लोहपंखाची चित्रकथा काढायची. निळं चिलखत, पोलादी पंख आणि कपाळावर कधी एक आठीसुद्धा नाही, असा तो वीर. ठकी त्याची पहिली वाचक. शाई वाळायच्या आत ती पान वाचून मोकळी व्हायची.

त्या दुपारी संपादकांचा फोन आला. मावशीचे हात रंगाने भरले होते, म्हणून तिने कोपरानेच स्पीकर चालू केला.

“लोहपंखाला जरा माणसांत आणा,” संपादक म्हणाले. “त्याला सर्दी होऊ दे, अंधाराची भीती वाटू दे. हल्लीच्या वाचकाला नायकात स्वतःचा चेहरा दिसावा लागतो.”

“चेहरा बघायला घरोघरी आरसे आहेत की.”

“तुम्ही थट्टेवारी नेताय.”

“नाही हो. मुलांनी मान वर करून बघावं असं एक तरी कुणी नको का? भित्री माणसं काय, पैशाला पासरी. मीच आहे. लोहपंख घाबरला की संपला तो.”

संपादकांनी उसासा टाकला आणि उद्या बोलू म्हणून फोन ठेवला. टेबलाखाली पालथी पडून ठकी चित्र रंगवत होती. तिथूनच तिने विचारलं, “मावशी, घाबरलं की माणूस संपतो?”

मावशी पंखाच्या कडेला सावली देत होती. “हं,” ती म्हणाली. प्रश्न कानावर पडला होता, डोक्यात शिरला नव्हता.

नंतर केव्हातरी ठकी टेबलाखालून उठून गेली. मावशीने मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं आणि घर फार शांत होतं.

“ठके?”

एरवी घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून “ओ” यायचा. आला नाही. बाल्कनीतल्या दोरीवरचा निळा टॉवेल जागेवर नव्हता.  मावशी अनवाणीच खाली धावली. वॉचमन फाटकापाशी बसला होता. “खाली तर नाही आली,” तो म्हणाला, आणि दोघांनी एकदमच वर बघितलं.

गच्चीच्या दाराची कडी काढलेली होती. पाण्याची टाकी गच्चीच्या अगदी कडेला, चार खांबांवर उभी होती. तिला लोखंडी शिडी होती आणि शिडीच्या पायथ्याशी ठकीच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

ठकी टाकीवर होती. टाकीच्या झाकणाला उतार होता आणि त्या उतारावर, रस्त्याच्या बाजूला, ती हवेच्या नळीला मिठी मारून बसली होती. गळ्यात टॉवेल बांधलेला. तिच्या पायांखाली दोन वीत काँक्रीट होतं, त्यापुढे थेट खाली रस्ता. मावशीने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोर दचकली तर?

“ठके,” ती शेवटी अगदी हळू म्हणाली, “मी आहे.”

ठकीने मान वळवली नाही. टाकीच्या कडेवरून एक ओला ओघळ खाली आला होता. तो टाकीतल्या पाण्याचा नव्हता.

“तू हाक का नाही मारलीस, बाळा?”

“लोहपंख हाक मारत नाही.” आवाज इतका बारीक होता की वाऱ्याने तो अर्धा नेला. “मी घाबरले, मावशी. म्हणजे मी संपले ना?”

 मागे वॉचमन धापा टाकत फोनवर बोलत होता. अग्निशमन दलाची गाडी निघाली होती, पण रस्त्यात गर्दी होती. तेवढ्यात वारा आला. टॉवेल शिडासारखा फुगला आणि ठकीची मान मागे ओढली गेली. तिने नळी आणखी घट्ट धरली.

“गाठ सोड टॉवेलची.”

“हात सुटत नाहीयेत.”

वॉचमनने शिडीला हात घातला. गंज त्याच्या तळव्याला चिकटून आला. “माझा गुडघा वाकत नाही हो. मी शिडी धरतो,” तो म्हणाला. त्याने मावशीकडे बघितलं.

मावशी चढली. कशी चढली ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. गार लोखंड, तळहातांचा घाम आणि प्रत्येक पायरीला शिडीचा कुईं असा आवाज, एवढंच आठवायचं. शिडीला टाकीच्या भिंतीशी धरून ठेवणारी वरची एक पकड निघाली होती, त्यामुळे ती श्वास घेतल्यासारखी हलत होती. टाकीच्या कडेवर डोकं पोचलं आणि तिची नजर चुकून पलीकडे, खाली गेली. गाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसल्या. तिने डोळे मिटले, आणि तिचे हात शिडीला जे चिकटले ते चिकटलेच.

“ठके, ऐक,” दात वाजत असतानाच ती म्हणाली. “लोहपंखालाही भीती वाटते. मी काढत नाही एवढंच.”

ठकीने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. धीर येण्याऐवजी तिचा चेहरा आणखीच उतरला.

“मग कोण येणार?” तिने विचारलं.

  वारा पुन्हा वाढला. मावशीचे पाय लटपटायला लागले आणि त्यांच्याबरोबर सबंध शिडी खडखडू लागली.

“मावशी, तू हलतेयस.”

“मला खाली उतरता येत नाहीये, ठके. हातच सुटत नाहीत.”

ठकीने नाक ओढलं. मग म्हणाली, “खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.”

मावशीने डोळे उघडले. ठकीने नळीवरचा एक हात सोडला, परत धरला, परत सोडला. दातांनी आणि त्या एका हाताने तिने टॉवेलची गाठ ओढली. टॉवेल सुटला, वाऱ्यावर दोन गिरक्या घेऊन कठड्यापलीकडे नाहीसा झाला. तो खाली पडल्याचं दोघींनाही ऐकू आलं नाही, तरी दोघी ऐकत होत्या. मग ठकी बसल्या बसल्या, इंच इंच, उतारावरून मावशीकडे सरकू लागली.

“मी पाय खाली सोडते. तू धर,” ती म्हणाली.

तिचा पाय मावशीच्या खांद्याला लागला तसा मावशीचा उजवा हात सुटला. तिने तो घोटा पकडला आणि पायरीवर टेकवला. मग दुसरा. आता ठकी शिडीवर होती, मावशीच्या दोन हातांच्या मधे, आणि तिचं हृदय मावशीच्या गळ्यापाशी चिमणीसारखं धडधडत होतं. दोघी एक पायरी उतरल्या. मग आणखी एक.

तेव्हा वरची दुसरी पकडही निघाली.

शिडी भिंतीपासून सुटून बाहेर झुकली. वॉचमन खालून लोंबकळल्यासारखा तिला ओढत होता. “मला एकट्याला आवरत नाही,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मावशीने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली.

हाक ठकीने मारली. “वाचवा!” एवढ्याशा छातीतून तो आवाज कुठून आला कोण जाणे. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावर तारा ओढणारा केबलवाला हातातलं सगळं टाकून वर धावला, त्याच्या पाठोपाठ एक आजोबा आणि पिठाचे हात घेऊन एक बाई. चौघांनी मिळून शिडी टाकीवर दाबून धरली. दोघींचे पाय गच्चीला टेकले तेव्हाही मावशीची बोटं पायरीवरच होती. केबलवाल्याने ती एकेक करून सोडवली.

ताई ड्युटी संपवून आली. सगळं ऐकून ती ओरडली नाही. तिने ठकीचे खरचटलेले तळवे धुतले, मलम लावलं, तिला कुशीत घेऊन झोपवलं. मग बहिणीचे हात बघितले आणि त्यांनाही मलम लावलं.  “तुझा तो पंखवाला मला आज नकोसा झालाय,” ती म्हणाली. “पण उद्या तो बंद केलास तर पोरगी काय म्हणेल, तेही मला माहीत आहे.”

सकाळी दूध पिताना मावशीने ठकीला विचारलं, “लोहपंखाला घाबरवू का गं?”

ठकीने दुधाचा पेला खाली ठेवला. “नको. त्याला नको. पण बाकीच्यांना घाबरू दे. आणि त्यांनी हाक मारली की त्याला ऐकू येऊ दे.”

संपादकांना ते पटलं नाही. अर्धवट झालं, ते म्हणाले, ना धड इकडे ना तिकडे. पण त्यांनी ते छापलं. पुढच्या अंकात लोहपंख तसाच होता, आठी नसलेला. फक्त त्याच्या खालच्या शहरात खिडक्याखिडक्यांतून माणसं तोंड वासून ओरडत होती, आणि मावशीने त्यातला प्रत्येक चेहरा लोहपंखाइतक्याच मेहनतीने काढला होता.

टाकीची शिडी काढून टाकली आणि गच्चीला कुलूप लागलं. ठकी महिन्याभरात सगळं विसरल्यासारखी झाली. मावशी मात्र नाही. अजूनही घर फार शांत झालं की ती ब्रश खाली ठेवते आणि हाक मारते. आतून “ओ” आला की पुन्हा कामाला लागते. कधी ठकी खेळात असते आणि ओ द्यायला जरा वेळ लावते. तेवढ्या वेळात मावशी खुर्चीवरून उठून दारापर्यंत पोचलेली असते.