सरावाची आई

धाकटीने दादाच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला गर्दीतून पुढे ओढलं. नर्सिंग शाळेच्या जिन्यावर त्याने भिंतीवरचे फोटो बघितल्याचं नाटक केलं, मोबाइल काढला, परत खिशात टाकला.

"आलोय ना मी? मग ओढतेस कशाला?"

"मधूनच पळशील म्हणून."

आई गेल्यापासून दादा तिच्याशी धड बोललाच नव्हता. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला, तेही चार नातेवाइकांसमोर: "शेवटी आईला पाण्यावाचून तडफडत ठेवलंस तू." आई त्याला फोनवर तसं सांगायची, ते काही खोटं नव्हतं. पण आईच्या किडन्या गेल्या होत्या. अशा माणसाला पाणी बेतानेच द्यायचं, जास्त झालं तर ते छातीत भरतं, हे धाकटीने त्याला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. लांब राहणाऱ्या मुलाला फोनवर रडणं तेवढं ऐकू येतं, रात्रभर लागलेली धाप कुठली ऐकू यायला!

नर्सिंग शाळेच्या ट्यूटरबाई दर आठवड्याला विद्यार्थिनींना घेऊन घरी यायच्या. वस्तीत फिरून अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा शिकायची, असा शाळेचा उपक्रमच होता. आईच्या पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघ त्यांनीच मारून दिली होती. "दिवसभरात हिच्यावर एक घोटसुद्धा नाही. रडू दे, शिव्या देऊ दे, तू विरघळायचं नाहीस," असं बजावलं होतं. धाकटीने मनावर दगड ठेवून ती रेघ पाळली. ओला कापूस आईच्या ओठांवरून फिरवायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. आई गेली तेव्हा बाईंनी तिला पोटाशी धरलं होतं. "तू सगळं बरोबर केलंस गं. भावाला मी समजावून सांगेन. माझ्यावर सोड."

त्याच भरवशावर तिने आज दादाला बोलावून आणलं होतं. परदेशातल्या भागीदार शाळेचे पाहुणे आले होते, आणि वस्तीतल्या ज्या घरांनी मुलींना शिकू दिलं त्यांचा सत्कार होता. बाई भेटतील, दादाला दोन शब्द सांगतील, की झालं. सत्काराची शाल मिळाली काय, न मिळाली काय.

"अगंबाई, आलात? या, या!" ट्यूटरबाईंनीच त्यांना सरावाच्या खोलीत नेलं. "आधी आमची नवी पेशंट बघा."

खाटेवर रबराची बाहुली निजवली होती, चांगली माणसाएवढी. छाती वर-खाली होत होती, पापण्या लवत होत्या. पाहुण्यांच्या शाळेने पाठवली होती म्हणे.

"बोलतेसुद्धा. नुसता हात लावायचा," बाई कौतुकाने म्हणाल्या.

एका विद्यार्थिनीने बाहुलीचं मनगट धरलं. "आजी, कसं वाटतंय?"

"बाळा, घोटभर पाणी दे गं," बाहुली म्हणाली. "घसा जळतोय माझा. मुलगी पाणी देत नाही."

दादाची बाही धाकटीच्या हातातून सुटली.

आईच होती. दात नसल्यामुळे 'जळतोय' म्हणताना जीभ अडखळायची, ती तशीच अडखळली. मागून खाटेची करकर, आणि त्याच्याही मागे शेजारच्यांचा नळ.

एकदा बाईंनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आईच्या तोंडाशी धरला होता. "डॉक्टरांना ऐकवते. त्रास थोडा कमी करता येतो का बघू." धाकटीने स्वतः उशी सारून त्यांना जागा करून दिली होती. वर चहाही पाजला होता.

आता पडद्यामागून दुसरी विद्यार्थिनी आली. पदर खोचलेला, हात कमरेवर. "गप पड गं! सारखं पाणी, पाणी! मला दुसरे उद्योग नाहीत का?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

पहिली मात्र गंभीर होती. "तुम्ही जरा बाहेर थांबा. मला आजींशी एकटीशी बोलायचंय."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "कसला संशय आला?"

"घरच्यांकडून हेळसांड."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा खाटेजवळ गेला. त्याने बाहुलीच्या कपाळावर हात ठेवला, आणि आई परत तेच म्हणाली. तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आता हेही खोटं म्हण."

"बाई," धाकटी ट्यूटरबाईंकडे वळली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "पाणी कुणी मोजून द्यायला लावलं होतं? सांगा ह्याला. सांगणार होतात ना तुम्ही?"

पाहुण्यांपैकी एकीने काहीतरी विचारलं. ट्यूटरबाई हसून इंग्रजीत भराभर बोलल्या. धाकटीला त्यातलं 'थँक्यू' तेवढं कळलं. पाहुणीने पुढे येऊन धाकटीचे दोन्ही हात प्रेमाने दाबले.

"काय सांगितलंत त्यांना?"

"अगं, तू आभार मानतेयस म्हटलं." बाईंनी आवाज उतरवला. "हा नुसता सराव आहे. ह्यात तुझं नाव कुठे घेतलंय का कुणी? बाकीचं आपण नंतर निवांत बोलू, हं? आज नको. आजचा दिवस शाळेसाठी फार मोठा आहे."

"काय बोलणार त्या?" दादा म्हणाला. "बोलण्यासारखं काही असतं तर आत्ताच बोलल्या नसत्या?"

धाकटीने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई पडद्याची घडी सारखी करत होत्या. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. इतका संताप तिला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर, तेही कळेना.

पाहुण्यांसाठी टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. तिने एक उचलली, झाकण फिरवलं आणि खाटेशी गेली. सवयीनेच डावा हात बाहुलीच्या मानेखाली घातला, डोकं थोडं उचललं आणि बाटली ओठांना लावली.

"पी," ती म्हणाली. "पोटभर पी. आता कोण अडवतंय?"

"अगं, आत मशीन आहे!" ट्यूटरबाई किंचाळल्या. "बिघडेल ते!"

पाणी रबराच्या ओठांवरून हनुवटीवर आलं, गळ्यावरून उशीत जिरलं. धाकटीने मानेखालचा हात काढला नाही.

"बाळा, घोटभर पाणी दे गं," तिच्या हातावरून आई म्हणाली. "घसा जळतोय माझा. मुलगी पाणी देत नाही."