कोंडाबाईचा उजवा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. खजुरीच्या कोंडाबाईचा, उजवा. आज मला मुळीच धीर धरवत नाही. विहारापुढच्या मैदानात पोरं जाळावर हलगी शेकत आहेत आणि माझी झिजलेली हाडंसुद्धा कान टवकारून बसली आहेत!

माझी घडण कोंडाबाईच्या आईच्या पोटात झाली. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा ओलसर थर चढला, शहाळ्यातल्या मलईसारखा गुळगुळीत. त्या घडणीत पूर्वजांकडून आलेल्या कितीतरी बारीक खुणा मिसळल्या होत्या. त्यांतली एकही एकटी मला मोडू शकत नव्हती. पण सगळ्यांनी मिळून मला जरा लवकर झिजण्याकडे कलतं केलं.

तरी काय दिवस होते ते! तुरीच्या रानात मी तिला वाकवलं, उठवलं, पुन्हा वाकवलं. "कोंडाबाईची चाल म्हंजे वाऱ्याची चाल," असं लोक म्हणत आणि मी आतल्या आत फुलत असे. मग एकदा बांधावरून घसरताना मी मुरगळलो. हळदीचा लेप लागला, काम तसंच चालू राहिलं. पुढे चाळिशी उलटली आणि उठता-बसता मी कुरकुरू लागलो.

ती कुरकुर कोंडाबाईच्या ओळखीची होती. तिच्या आईचा गुडघा असाच बोलत असे. आजी तर शेवटी बसल्या बसल्याच सरकत असे. म्हणून तिने आपल्या लेकीचे, पंचशीलाचे, गुडघे जपायला घेतले. धावू नको, उकिडवी बसू नको, ओझं उचलू नको. अशात जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पुढे नाचण्याचा मान पंचशीलाला मिळाला आणि घरात वादळ उठलं.

"न्हाई म्हणले की न्हाई! आपल्या घरच्या बायांचे गुडघे म्हंजे मातीची गाडगी."

"मग मला फडताळात ठिवून दे की! नाचायचं न्हाई तर पाय कामून दिलीस, आई?"

"जीभ लई चालायली तुझी."

पंचशीलाने लेझीम खुंटीला अडकवली. तिचं ते लेझीम टांगणं मला माझ्या दुखण्याहून जड गेलं.

त्याच सुमारास मी सुजलो. लेकीचा हात धरून कोंडाबाई कलबुर्गीला हाडांच्या डॉक्टरांकडे, विजयश्रीबाईंकडे, गेली. त्यांनी माझा एक्स-रे उजेडापुढे धरला. कूर्चा झिजून दोन हाडांमधली फट पहाटेच्या चंद्रकोरीसारखी विरत चालली होती.

"हे आमच्या घराण्याचंच हाय, बाई," कोंडाबाई म्हणाली. "म्हणून पोरीला हलू देत न्हाई मी."

"अक्का, वारशानं कल येतो, निकाल येत न्हाई," विजयश्रीबाई म्हणाल्या. "बसवून ठिवलं की मांडी कमजोर होती, अन् समदा भार गुडघ्यावर येतो. वजन आवरू दे, कुठं मुरगळलं तर लगेच दाखवू दे. अन् नाचू दे की तिला!"

"अन् दुखलं तर?"

"थांबायचं, माझ्याकडं यायचं. तुम्ही बी रोज खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम करा."

"आता ह्या वयात मलाबी पथकात घालतीस का काय!"

पंचशीला खुदकन हसली. परतीच्या वाटेवर मात्र कोंडाबाई लेकीच्या पायांकडे पाहत राहिली. तिचा तळहात माझ्यावर होता. घर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा. पुढं उभी ऱ्हा."

मित्रांनो, तुमच्याही अंगात कुणाकुणाचा वारसा असेल. त्याच्या भयाने अंग आखडून बसू नका. आम्हांला चालवा, बळ द्या. आणि आमची मुरगळ अंगावर काढू नका. मी हे उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका.

पाहा, हलगी कडाडली! पंचशीला पुढे आली आहे. पण पहिली पावलं कशी अवघडलेली, जणू काचेवरून चालते आहे! इतक्या वर्षांची भीती अशी एका ठेक्यात कशी जाईल? कोंडाबाई विहाराच्या ओट्याचा खांब धरून उठते आहे. मी कुरकुरतो, पण तिला तोलतो. ती हात उंचावते आणि साऱ्या गर्दीवरून ओरडते,

"अगं, अशी लाजायलीस कामून? वाक की! गुडघा पुरता वाकीव, पोरी!"